पुण्याची वास्तुपरंपरा : दर्शनी भाग आणि अंतर्गृह

१

पुण्याच्या जुन्या वास्तूंचे वर्णन करताना आपल्याकडे एक ठरीव विभागणी केली जाते. पाताळेश्वर ते राष्ट्रकूटकालीन, शेख सल्ल्याचे दर्गे ते मुसलमानी, शनिवारवाडा तो मराठी, आणि लाल देऊळ ते इंग्रजी. कालक्रम लावण्यास ही विभागणी सोयीची आहे यात शंका नाही. परंतु वास्तूचा काळ आणि वास्तूचे कूळ या दोन भिन्न गोष्टी आहेत. एकाच काळी, एकाच धन्यासाठी, एकाच गवंड्यासुतारांनी उभारलेल्या इमारतीत तीन-चार निरनिराळ्या परंपरांचे घटक शेजारी-शेजारी नांदत असतात. तेव्हा 'ही वास्तू कोणाची?' या प्रश्नापेक्षा 'या वास्तूचा कोणता भाग कोठून आला, आणि तो नेमका तेथेच का बसला?' हा प्रश्न अभ्यासकाला अधिक फलदायी ठरतो.

प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रश्नाचा विचार केला आहे. आमचे प्रतिपादन थोडक्यात असे आहे : पुण्याने बाहेरचे घटक घेतले ते वाटेल तसे घेतले नाहीत; त्या स्वीकारात एक क्रम होता. पेशवाईत ते घटक प्रामुख्याने वास्तूच्या दर्शनी व समारंभाच्या भागात आले, आणि अंतर्गृह आपल्या जुन्या वळणावर राहिले. इंग्रजी अमदानीत इमारतीच संपूर्णपणे परक्या वळणाच्या आल्या, पण वापराने व नावाने त्या या गावच्या झाल्या. आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा क्रम उलटा झाला. या शेवटच्या अवस्थेचा आपल्या आजच्या जतनाच्या कार्याशी निकटचा संबंध असल्याने त्याचा विचार अखेरीस केला आहे.

२

पेशवाईपूर्व पुण्याविषयी येथे थोडेच सांगणे पुरेसे आहे. इ. स. ७५८ व ७६८ च्या राष्ट्रकूट ताम्रपटांत या प्रदेशाचे नाव विषय म्हणून आलेले आहे. पाताळेश्वराचे लेणे साधारणपणे त्याच शतकातील मानले जाते. अखंड खडकातून कोरून काढलेला त्याचा वर्तुळाकार नंदिमंडप प्रसिद्धच आहे. पुढे मुठेच्या काठी वस्ती वाढली आणि 'कसबा' हे अरबी नाव धारण करून गावाचा गाभा तयार झाला. थोरल्या व धाकट्या शेख सल्ल्याच्या दर्ग्यांच्या जागी पूर्वी पुण्येश्वर व नारायणेश्वर ही मंदिरे होती, अशी परंपरा आहे. इ. स. १६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने गाव उद्ध्वस्त करून त्यावर गाढवाचा नांगर फिरविला, आणि नंतर शहाजीराजांच्या जहागिरीत दादोजी कोंडदेवांच्या देखरेखीखाली ते पुन्हा वसविण्यात आले.

या घटनांचा उल्लेख येथे हेतुतः केला आहे. 'संमिश्र संस्कृती' हा शब्द आपण बहुधा सलोख्याच्या अर्थाने वापरतो. परंतु वास्तूंच्या इतिहासात मिश्रण नेहमीच सलोख्याने होते असे नाही. ते जिंकण्याने होते, मोडण्याने होते, मोडलेल्याच्या जागी नवे उभारण्याने होते, आणि कधी केवळ चांगल्या कारागिराला अधिक मोबदला देण्यानेही होते. मिश्रणाचे कारण आणि मिश्रणाचे रूप यांची गल्लत अभ्यासकाने करू नये.

३

शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजी घातला गेला आणि २२ जानेवारी १७३२ रोजी त्याची वास्तुशांत झाली. जुन्नरच्या रानातील सागवान, चिंचवडच्या खाणीतील दगड आणि जेजुरीचा चुना अशी त्याची सामग्री होती. म्हणजे वास्तूचे द्रव्य अगदी जवळच्या मुलखातील आहे. तिचे रूप मात्र तसे नाही.

१८२८ च्या आगीत आतील इमारती जळाल्या. आज तट, दरवाजे, दिल्ली दरवाज्यावरील नगारखाना आणि आतील जोती एवढेच शिल्लक आहे. तरीही पेशवाईतील वाड्याचे सर्वसाधारण रूप त्या काळच्या व त्यानंतरच्या इतर वाड्यांवरून निश्चितपणे सांगता येते. दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेला विश्रामबागवाडा हे त्याचे परिचित उदाहरण. दगडी जोते, त्यावर लाकडी खांब आणि तुळया यांचा सांगाडा, विटांच्या भिंती, कौलारू छप्पर, आणि एक वा अधिक चौकांभोवती रचलेली दालने अशी ही घडण असते. या वाड्यांत आपली दृष्टी प्रथम ज्यावर खिळते ते म्हणजे सुरूचे खांब, त्यांमधील पाकळीदार महिरपी, आणि खांबाच्या माथ्याजवळून लोंबणारी केळफुले. आज कोणत्याही शाळकरी मुलाला 'मराठी वाडा' काढावयास सांगितला तर तो याच तीन गोष्टी काढील.

या तिन्ही गोष्टींचे साक्षात पूर्वज शाहजहानकालीन मोगल वास्तूत सापडतात. खाली घटाकृती बैठक, वर निमुळता होत गेलेला दंड आणि माथ्यावर पर्णयुक्त शीर्ष असा स्तंभ तेथे बादशहाच्या आसनस्थानाशी निगडित होता. तो पुण्यास कोणत्या वाटेने आला? वाटा दोन होत्या आणि दोन्ही खुल्या होत्या. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीस जाऊन सनदा घेऊन परतले. त्या स्वारीत तरुण बाजीरावही होता. दुसरी वाट याहून जवळची. औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, हे मोगलांच्या दक्षिण सुभ्यांचे केंद्र होते, आणि बीबीका मकबऱ्यासारखी वास्तू तेथे सतराव्या शतकातच उभी राहिली होती. कारागीर जेथे काम असेल तेथे जातो. त्याला राज्यांच्या सीमा आड येत नाहीत.

परंतु शोध येथेच संपत नाही. एब्बा कोख या ऑस्ट्रियन विदुषींनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात असे दाखविले की, मोगलांचा हा स्तंभ युरोपातून आलेल्या मुद्राचित्रांतील स्तंभाकृतींवरून घेतलेला असून, भारतातील जुन्या पूर्णघट-स्तंभाशीही त्याचे नाते जुळलेले आहे. हे मत ग्राह्य धरल्यास त्यातून निघणारा निष्कर्ष मोठा कुतूहलजनक आहे. युरोपीय वास्तुरूप पुण्यात प्रथम १८१८ नंतर आले असे आपण समजतो. प्रत्यक्षात त्याचा एक अंश, युरोप ते आग्रा व आग्रा ते दख्खन असा प्रवास करून, आपली मूळ ओळख पूर्णपणे विसरून, पेशव्यांच्या दिवाणखान्यात कित्येक दशके आधीच उभा होता! आणि त्याच खांबाला आज आपण मराठी वास्तुशैलीचे लक्षण मानतो. यात लाजण्यासारखे काही नाही, किंवा मिरविण्यासारखेही काही नाही. शुद्ध शैलीच्या कल्पनेविषयी सावध होण्यासारखे मात्र पुष्कळ आहे.

आता हा घटक बसला कोठे ते पाहू. मोगल इमारतीत कमान ही दगडाची किंवा विटांची असते व भार वाहते. वाड्यातील महिरप तशी नाही. येथे भार वाहतात ते खांब आणि तुळया. महिरप ही दोन खांबांमध्ये बसविलेली कोरीव फळ्यांची चौकट असते. ती काढून घेतली तरी छप्पर जागचे हलत नाही. म्हणजे सुताराने आपली जुनी खांब-तुळईची रचना सोडली नाही; तिच्यावर नवे रूप चढविले. घरातील जागेच्या दृष्टीने पाहिले तरी हेच दिसते. सुरूचे खांब व महिरपी यांची दाटी दिवाणखान्यात, दर्शनी सज्ज्यात व पहिल्या चौकाभोवती असते. माजघर, स्वयंपाकघर, कोठीघर आणि परसू यांकडे जावे तसतसे खांब साधे चौकोनी होत जातात आणि महिरपी विरळ होतात.

या निरीक्षणाला भाषेची साक्ष मिळते. वाड्यातील स्थळांची नावे दोन ओळींत मांडून पाहावीत. एका ओळीत दरवाजा, बुरूज, नगारखाना, कचेरी, दफ्तरखाना, जामदारखाना, दिवाणखाना, तक्तपोशी, महिरप, हौद. दुसऱ्या ओळीत ओटी, ओसरी, पडवी, माजघर, देवघर, कोठीघर, परसू, तुळशीवृंदावन. पहिली ओळ फारसी-अरबी शब्दांनी भरली आहे आणि तीतील बहुतेक जागा परक्यांच्या, अर्थात राजकारणाच्या, दृष्टीसमोर येणाऱ्या आहेत. दुसरी ओळ घरच्या बोलीची आहे आणि ती कुटुंबाच्या जागांची आहे. अपवाद आहेत, हौद परसातही असतो आणि ओटी दर्शनी बाजूस असते. तथापि एकंदर कल स्पष्ट आहे. राजदरबाराची प्रतिष्ठा ज्या भाषेत व्यक्त होत होती त्याच भाषेत वाड्याचा बाह्यभाग बोलत होता. घर मात्र घरच्या भाषेत बोलत होते.

मराठ्यांच्या वास्तूंचा स्वतंत्र अभ्यास आपल्याकडे नवा नाही. म. श्री. माटे यांचा 'मराठा आर्किटेक्चर' हा ग्रंथ पुणे विद्यापीठाने १९५९ मध्येच प्रसिद्ध केला. आमची सूचना एवढीच की, या वास्तूंच्या घटकांच्या वर्णनाबरोबर त्या घटकांच्या जागेचाही विचार व्हावा.

४

मंदिरांत हाच क्रम निराळ्या रूपाने दिसतो. पेशवाईतील अनेक मंदिरांत गर्भगृह दगडी व जुन्या वळणाचे असते, आणि त्यापुढील लाकडी सभामंडप वाड्याच्या दिवाणखान्यासारखा, सुरूच्या खांबांचा व महिरपींचा असतो. देव परंपरेच्या घरात राहतो, आणि भक्तांचा मेळा दरबारी दालनात भरतो.

सोमवार पेठेतील त्रिशुंड गणपतीचे मंदिर या संदर्भात विशेष लक्ष देण्यासारखे आहे. भीमगिरजी गोसावी यांनी १७५४ मध्ये त्याच्या बांधकामास प्रारंभ केला व १७७० मध्ये मूर्तीची स्थापना झाली. काळ्या पाषाणातील या मंदिराला शिखर नाही. परंतु त्याची दर्शनी भिंत शिल्पांनी भरलेली आहे. मंदिरात संस्कृत व फारसी अशा दोन्ही भाषांतील शिलालेख आहेत. हिंदू देवालयात फारसी लेख असावा याचे आज आपल्याला आश्चर्य वाटते. अठराव्या शतकातील पुणेकराला ते वाटले नसावे. फारसी ही त्या काळी व्यवहाराची व सनदांची भाषा होती, आणि देवस्थानाचा हक्क ज्या भाषेत सर्वत्र मान्य होईल त्या भाषेत तो कोरणे हे शहाणपणाचे होते.

याच दर्शनी भिंतीवर साखळदंडाने जखडलेला एक गेंडा आणि त्याच्याजवळ युरोपीय वेषातील सैनिक कोरलेले आहेत. प्लासीची लढाई १७५७ मध्ये झाली व त्यानंतर बंगालवर इंग्रजांचा अंमल बसत गेला. मंदिराचे काम त्याच वर्षांत चालू होते. गेंडा हा पूर्वेकडील मुलखाचा प्राणी. त्यामुळे इंग्रजांनी बंगाल-आसाम जेरबंद केल्याचे हे प्रतीक होय, असा अर्थ अनेकांनी लावला आहे. आसामवर इंग्रजांचा ताबा पुष्कळ नंतर, १८२६ मध्ये आला, हे ध्यानात घेता या अर्थातील आसामचा भाग सोडून द्यावा लागेल. परंतु बंदुका घेतलेले परके शिपाई पुण्याच्या पाथरवटाने त्या काळी देवळाच्या भिंतीवर घेतले, एवढे निर्विवाद आहे. इंग्रजांनी पुणे घेण्यापूर्वी सुमारे अर्धशतक ते पुण्याच्या दगडात येऊन बसले होते. येथेही जागा पाहण्यासारखी आहे. बाहेरचे जग बाहेरच्या भिंतीवर आहे. आत गणेश आहे आणि तळघरात समाधी आहे.

५

५ नोव्हेंबर १८१७ रोजी गणेशखिंडीच्या परिसरात खडकीची लढाई झाली आणि पुढील वर्षी पेशवाई संपली. यानंतरचा पालट मूलगामी होता. पूर्वी परके घटक एतद्देशीय रचनेवर येऊन बसत; आता इमारतीच समूळ परक्या आराखड्यावर उभ्या राहू लागल्या. त्यांचा आराखडा बहुधा लष्करी इंजिनियर करीत. हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स हे त्यांपैकी एक. येरवड्याचे डेक्कन कॉलेज आणि कॅम्पातील 'ओहेल डेव्हिड' हे यहुदी प्रार्थनामंदिर ही त्यांचीच कामे होत.

या प्रार्थनामंदिराचा विचार करावा. बगदादहून मुंबईस आलेले व्यापारी डेव्हिड ससून यांनी ते बांधविण्यास घेतले व १८६७ मध्ये ते पुरे झाले. ससून १८६४ मध्ये वारले. त्यांची समाधी याच आवारात आहे. धर्म यहुदी, यजमान बगदादी, शैली इंग्रजी गॉथिक आणि मनोरा एखाद्या चर्चचा शोभावा असा. पुणेकरांनी लाल विटांच्या या वास्तूला नाव दिले 'लाल देऊळ'. वास्तुशास्त्राच्या दृष्टीने हे नाव चुकीचे आहे. इतिहासाच्या दृष्टीने ते अत्यंत मोलाचे आहे. जेथे देवाची प्रार्थना होते ते देऊळ, या साध्या न्यायाने लोकांनी एका अपरिचित वास्तूला आपल्या गावात जागा दिली. पूर्वीचे मिश्रण कारागिराच्या हाताने होत होते. आता ते रहिवाशाच्या जिभेने होऊ लागले.

मंडईची कथा याहून बोधप्रद आहे. शनिवारवाड्यासमोरच्या मोकळ्या जागेत भरणारा भाजीबाजार हलविण्यासाठी १८८५-८६ मध्ये ही गॉथिक इमारत उभारली गेली आणि तिला मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव देण्यात आले. बांधकाम वासुदेव बापूजी कानिटकर यांनी केले. मधोमध अष्टकोनी मनोरा आणि त्यापासून निघणाऱ्या शाखा असा तिचा आराखडा आहे. नगरपालिकेत या खर्चाला विरोध करणाऱ्यांत जोतीराव फुले अग्रभागी होते. गोरगरिबांच्या शिक्षणासाठी पैसा हवा असताना तो बाजाराच्या इमारतीवर का घालावा, असा त्यांचा रोख होता. हा विरोध इमारतींविषयी अज्ञान असलेल्या माणसाचा नव्हता, हे विसरू नये. फुले स्वतः ठेकेदार होते. खडकवासल्याच्या धरणकामाला त्यांनी बांधकामाचे सामान पुरविले होते. दगड कोणाच्या घामाने उचलला जातो आणि त्याचे पैसे कोठून येतात हे त्यांना ठाऊक होते.

पुढे काय झाले? मंडईत सार्वजनिक गणपती बसू लागला. १९२४ मध्ये पंडित मोतीलाल नेहरू यांच्या हस्ते तेथे लोकमान्य टिळकांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. आणि कालांतराने लॉर्ड रे यांचे नाव जाऊन तीच इमारत 'महात्मा फुले मंडई' झाली. ज्या इमारतीला त्यांनी विरोध केला तिलाच त्यांचे नाव मिळाले. यातील विसंगती उघड आहे; परंतु शैलीच्या अभ्यासकाला हे सारे दिसतच नाही. त्याच्या टिपणात मंडई 'व्हिक्टोरियन गॉथिक' या दोन शब्दांत संपते.

गणेशखिंडीतील गव्हर्नरांच्या निवासाचेही तसेच. १८६४ ते १८७१ या काळात जेम्स ट्रबशॉ यांच्या आराखड्यानुसार बांधलेली ही इटालियन धाटणीची इमारत. २२ जून १८९७ रोजी येथील समारंभ आटोपून परतताना रँड याच्यावर चाफेकर बंधूंनी गोळी झाडली. १९४९ मध्ये याच वास्तूत पुणे विद्यापीठाचा कारभार सुरू झाला, आणि २०१४ पासून विद्यापीठाच्या नावात सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे. एकही दगड न हलविता तिचा अर्थ तीनदा पालटला.

६

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले. नदीकाठच्या पेठांतील शेकडो वाडे एका दिवसात खचले. पुरापूर्वीच वाड्यांची अवस्था बिकट झाली होती, हेही सांगितले पाहिजे. एकत्र कुटुंबे विभागली, वाड्यांत भाडेकरू आले, आणि १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली. मालकाला दुरुस्ती परवडेना आणि भाडेकरूला सोडून जाणे परवडेना. पावसाने मात्र कोणाची वाट पाहिली नाही. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगरसारख्या वसाहती झाल्या. पेठांत सिमेंट-काँक्रीटच्या सदनिका उभ्या राहू लागल्या, आणि ती क्रिया अद्याप थांबलेली नाही.

सदनिकेने जे केले ते मोगल किंवा इंग्रजी प्रभावानेही केले नव्हते. तिने अंतर्गृह बदलले. चौक गेला, ओसरी गेली, माजघर गेले. त्यांच्या जागी 'हॉल', 'किचन', 'बेडरूम' ही नावे आली. ज्या दुसऱ्या ओळीतील शब्दांना तीनशे वर्षांत धक्का लागला नव्हता, ते शब्द एका पिढीत म्हाताऱ्यांच्या बोलण्यापुरते उरले. नळ, शौचकूप आणि स्वतंत्र खोली या सोयी स्त्रियांच्या दृष्टीने किती मोलाच्या होत्या, हे वाड्याच्या आठवणीने गहिवरणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. माजघरातील अंधार हाही परंपरेचाच भाग होता.

आणि याच वेळी दर्शनी भागावर उलट क्रिया चालू झाली. नव्या इमारतींच्या तोंडावर साच्यातून काढलेल्या महिरपी आणि केळफुले दिसू लागली. महापालिकेने १९८८ मध्ये पुरा केलेला आजचा लाल महाल हीदेखील नवी इमारत आहे. शिवकालीन मूळ वास्तू शिल्लक नाही. पेशवाईत बाहेर परके आणि आत घरचे असा क्रम होता. आज बाहेर घरचे आणि आत परके असा क्रम आहे. आणि बाहेर जे 'घरचे' म्हणून लावले जाते ते एके काळी दिल्ली-आग्र्याहून आलेले!

जतनाचे कार्यही बहुतांशी दर्शनी भागाशीच थांबते. दरवाजा राखला जातो, सज्जा रंगविला जातो, कोरीव खांब संग्रहालयात जातो. विश्रामबागवाड्यासमोर उभा राहणारा अभ्यासक त्याच्या कोरीव मुखाचे रेखाटन करतो. पण १८७९ च्या आगीत या वाड्याच्या पुढील भागाची हानी होऊन तो नंतर दुरुस्त करण्यात आला आहे, हे त्याच्या रेखाटनात येत नाही. दर्शनी भाग हा वास्तूचा सर्वांत अधिक बदलणारा भाग असतो. परंपरेचे सातत्य जर अंतर्गृहात होते, तर आपण जे जतन करीत आहो ते सातत्य नव्हे, त्यावरील वेष होय.

यासाठी पदव्युत्तर विद्यार्थ्यांपुढे एक काम ठेवावेसे वाटते. पेठांत जे वाडे अद्याप उभे आहेत त्यांच्या मागील भागांची मोजमापे घ्यावीत. माजघराची रुंदी किती खणांची, चुलीचा धूर कोठून जाई, विधवेची खोली कोठे होती, पाणी कोणी व कोणत्या दाराने आत आणावे, भंग्याची वाट कोठून होती, हे सारे अजूनही भिंतींवरून व तेथे राहिलेल्या वृद्धांच्या सांगण्यावरून समजू शकते. सुरूच्या खांबांची छायाचित्रे उदंड आहेत. माजघरांचे नकाशे विरळा आहेत. संस्कृतींचे मिश्रण कोठपर्यंत पोहोचले आणि कोणत्या उंबऱ्यापाशी थांबले, कोणाला आत घेतले आणि कोणाला बाहेर ठेवले, याचे उत्तर त्या नकाशांतच आहे. ते वाडे पाडण्याचे परवाने निघण्यापूर्वी हे काम झाले पाहिजे.